छायाचित्र काढताना

पुण्याचा शनिवारवाडा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. खिळे ठोकलेला भक्कम दिल्ली दरवाजा, बुरूज, कारंज्यांचे कोरडे हौद आणि गवतातून वर आलेली दगडी जोती एवढेच आज तेथे शिल्लक आहे. या जोत्यांवर एके काळी कोरीव लाकडी खांबांचे दिवाणखाने होते आणि त्यांच्यावर मजले चढत गेले होते. १७३२ मध्ये या वाड्याची वास्तुशांत झाली आणि १८२८ मध्ये लागलेल्या आगीत तो जळाला. तो नेमका कसा दिसत असे, हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. कागदपत्रांत त्याची वर्णने आहेत; छायाचित्र मात्र एकही नाही. ते असणे शक्यही नव्हते. छायाचित्र काढण्याची रीत पॅरिस येथे १८३९ मध्ये जगापुढे जाहीर झाली. त्या वेळी वाडा जळून अकरा वर्षे लोटली होती.

आता मुंबईकडे पाहा. तेथील जुन्या कोटाचे तट १८६० नंतरच्या काही वर्षांत पाडण्यात आले. परंतु तोपर्यंत त्या शहरात कॅमेरा येऊन पोहोचला होता. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची एक संस्था निघाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे जिज्ञासू लोक या नव्या कलेच्या नादी लागले होते. त्या काळच्या छायाचित्रकारांनी हौसेने काढलेली चित्रे राहिली, म्हणून कोटाचे तट आणि वेशी आपल्याला आजही पाहावयास मिळतात. तट गेले, पण पुरते गेले नाहीत.

तुमच्या घरी मोबाइल असेल, म्हणजे कॅमेराही असेल. पाडावयास काढलेले जुने घर, आटत चाललेली विहीर, आजीचा सुरकुतलेला चेहरा, हे सारे राखून ठेवण्याचे साधन तुमच्या हाती आहे. मात्र बटण दाबले की झाले, असे समजू नका. पुष्कळदा फोटो असतो, पण त्यात आजी नसते; असतो तो एक काळा आकार आणि त्याच्यामागे लखलखणारी खिडकी. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे समजण्यास फार मोठी विद्या लागत नाही. कॅमेरा काय करतो हे मात्र आधी नीट समजून घेतले पाहिजे.

कौलारू घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. कौलांमधील फट वाकडीतिकडी असते, पण कवडसा मात्र गोल असतो, हे कधी तुमच्या ध्यानात आले आहे काय? तो गोल फटीचा नव्हे. ते सूर्याचे चित्र होय. सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. लहान छिद्रातून आलेला प्रकाश समोरच्या पृष्ठभागावर बाहेरील वस्तूचे चित्र काढतो, हा निसर्गाचा नियम आहे. सर्व बाजूंनी बंद केलेल्या अंधाऱ्या खोलीला एका बाजूस बारीक छिद्र पाडले, तर समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची झाडे, माणसे व गाड्या उलट्या उमटतात. कॅमेरा म्हणजे अशीच एक लहानशी अंधारी खोली. छिद्राच्या जागी भिंग आले, म्हणून चित्र स्वच्छ व रेखीव झाले. आणि भिंतीच्या जागी पूर्वी चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली फिल्म असे, तेथे आता प्रकाशाची नोंद करणारी एक चिमुकली विद्युत्-पट्टी असते. बाकी युक्ती तीच.

या खोलीत प्रकाश किती घ्यावयाचा, हे दोन गोष्टींवर ठरते. घागर भरावयाची असेल तर नळाची धार मोठी सोडून ती लवकर भरता येते, किंवा धार बारीक ठेवून उशिरा भरता येते. धार म्हणजे भिंगाचे उघडलेले तोंड, आणि वेळ म्हणजे कॅमेऱ्याची झडप जेवढा काळ उघडी राहते तेवढा काळ. घागर अर्धी राहिली तर चित्र काळोखे होते. ओसंडून वाहिली तर पांढरेफटक पडते.

वेळेची ही गोष्ट सुरुवातीच्या छायाचित्रकारांना फार जाचली. फ्रान्समधील नीसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे चित्र डांबराचा लेप दिलेल्या धातूच्या पत्र्यावर उमटवले. त्यासाठी तो पत्रा निदान आठ तास उजेडात ठेवावा लागला असावा, असे जाणकार मानतात. एवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला आणि चित्रात दोन्हीकडच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते. पुढे १८३८ मध्ये दागेर याने पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्याला काही मिनिटे लागली. रस्त्यावरून माणसे चालत होती, गाड्या धावत होत्या. पण चित्रात रस्ता ओस पडलेला आहे! हलणारे कोणीच उमटले नाही. केवळ एका कोपऱ्यात एक माणूस दिसतो. तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी पाय टेकून स्थिर उभा होता. आपले चित्र निघत आहे याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसावी, आणि तरी छायाचित्रात दिसणाऱ्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते.

आज मिनिटे लागत नाहीत, सेकंदाचा अंश पुरतो. तरीही नियम बदललेला नाही. समजा, एक मुलगी लंगडी सोडून पळत सुटली आहे आणि तिचा वेग सेकंदाला ४ मीटर आहे. संध्याकाळी उजेड कमी झाल्यामुळे कॅमेऱ्याने झडप सेकंदाच्या तिसाव्या भागापुरती उघडी ठेवली, तर तेवढ्यात ती सुमारे १३ सेंटिमीटर पुढे सरकते, आणि चित्रात तिचा चेहरा पुसल्यासारखा होतो. भर उन्हात झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागातच मिटली, तर ती केवळ ८ मिलिमीटर सरकते आणि तिच्या वेणीची रिबनसुद्धा स्पष्ट येते. म्हणून खेळाची चित्रे उन्हात काढावीत. उजेड कमी असेल तर खेळणारा जेथे क्षणभर थांबतो तो क्षण पकडावा. झोका अगदी वर पोहोचला, उडी मारणारा सर्वांत उंच गेला, की हालचाल जवळजवळ थांबलेली असते.

समोरचा माणूस स्थिर आहे, पण कॅमेराच हलला, तरी परिणाम तोच. मोबाइल एका हाताने लांब धरून अंगठ्याने टिचकी मारली की तो हटकून हलतो. तो दोन्ही हातांनी धरावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत, पाय थोडे फाकवून उभे राहावे आणि बटण दाबताना क्षणभर श्वास रोखावा. जवळ खांब, भिंत किंवा झाड असेल तर त्याला खांदा टेकावा. आणि त्याआधी भिंग मऊ सुती कापडाने पुसून घ्यावे. दिवसभर खिशात फिरलेल्या, शेंगदाण्याच्या लाडवाची बोटे लागलेल्या भिंगातून सारे जग धुक्यात बुडालेले दिसते. ही सूचना फार साधी आहे म्हणून कोणी ती पाळत नाही.

आता प्रकाशाकडे वळू. छायाचित्रात सर्वांत महत्त्वाचे काय, असे विचाराल तर प्रकाश किती आहे यापेक्षा तो कोठून येत आहे, हे महत्त्वाचे, असेच मी सांगेन. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. अशा वेळी अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाची ओठांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे दिसू लागतात. शिवाय उन्हाने तो डोळे बारीक करतो, ते वेगळेच. त्याच माणसाला चार पावले ओसरीत आणून बसवा. आता ऊन अंगावर नाही, पण अंगणातील उजेड समोरून व बाजूने मऊपणे चेहऱ्यावर येत आहे. खळगे गेले, डोळ्यांत चमक आली. जुन्या घरांची ओसरी ही छायाचित्रकारासाठीच बांधली असावी, असे मला नेहमी वाटते! ओसरी नसेल तर दाराशी, खिडकीशी किंवा दाट झाडाच्या सावलीत हेच साधते. सकाळी आणि सायंकाळी सूर्य खाली असतो. तेव्हा त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात, त्यांतील निळा अंश वाटेतच विखुरतो आणि उजेड तांबूस, सौम्य होतो. त्या वेळी लांब सावल्यांमुळे नांगरलेल्या शेतातील ढेकूळ न् ढेकूळ, देवळावरील नक्षीचा खोलगटपणा आणि दगडावरची टाकीची खूणसुद्धा उठून दिसते. शिलालेखाचा फोटो काढणारे लोक बाजूने येणाऱ्या उजेडाची वाट पाहतात ती यासाठीच. समोरून ऊन आले की अक्षरे सपाट होऊन दिसेनाशी होतात.

आजी काळी का आली, हे आता तुम्हांला सांगता येईल. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. उजेड तिच्या मागून येत होता आणि तिचा चेहरा सावलीत होता. तिला अर्धे वळवून, खिडकी तिच्या बाजूस येईल असे बसवावे, म्हणजे निम्मे काम झाले. आजी गुडघ्यांनी अधू असेल, तर तुम्हीच जागा बदलावी.

पण काही वेळा उजेड चांगला असूनही चित्र बिघडते, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. पोळ्याच्या दिवशी पांढराशुभ्र खिलार बैल चित्रभर येईल असा फोटो घ्या. बैल मळकट, करडा दिसतो. मग गोठ्यातील काळ्याभोर म्हशीचा तसाच फोटो घ्या. म्हैसही फिकी, करडी दिसते! बैल धुतलेला होता आणि म्हशीचा रंगही बदललेला नाही. मग झाले काय? कॅमेऱ्याला बैल कळत नाही आणि म्हैसही कळत नाही. त्याला एवढेच कळते, की समोरून इतका उजेड येत आहे. कोणतेही दृश्य सरासरीने करडे असते, असे धरून चालण्याचे त्याला शिकवलेले असते. म्हणून पांढरे फार दिसले, की ‘उजेड जास्त झाला’ असे समजून तो घागर अर्धीच भरतो. काळे फार दिसले, की ‘उजेड कमी पडला’ असे समजून ती ओसंडू देतो. अलीकडचे मोबाइल माणसाचा चेहरा ओळखतात आणि ही चूक थोडीफार सावरतात, पण नेहमी नव्हे. अशा वेळी कॅमेऱ्याचे ऐकू नये. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर ज्या वस्तूला बोट लावावे तिच्यासाठी उजेड मोजला जातो, आणि शेजारी सूर्यासारखी एक लहान खूण येते. ती वर सरकवली की चित्र उजळते, खाली सरकवली की गडद होते. पांढऱ्या बैलासाठी वर, काळ्या म्हशीसाठी खाली. ऐकताना हे उलटे वाटते. एकदा करून पाहा, म्हणजे पटेल.

रात्रीच्या दिव्याविषयी थोडेसे. मोबाइलच्या दिव्याचा उजेड जवळच्या वस्तूपुरताच उपयोगी पडतो. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा उजेड चौथाई होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत बसून रंगमंचाकडे हा दिवा लुकलुकवणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्या चित्रांत पुढच्या रांगेतील डोकी तेवढी झगझगीत येतात.

चित्रात काय घ्यावे आणि काय वगळावे, हा भाग शिकवून फारसा येत नाही, तो पाहून पाहून येतो. तरी नवशिक्याचा एक दोष ठरलेला असतो. त्याला सारेच हवे असते. देऊळ, कळस, दीपमाळ, समोरचा पार, शिवाय पायरीवर बसलेला मामा. परिणामी मामा तांदळाएवढा येतो. मामाचा फोटो हवा असेल तर मामाजवळ जावे. पडद्यावर दोन बोटे फाकवून चित्र मोठे करण्यापेक्षा चार पावले चालणे बरे. कारण दूरचे वेगळे भिंग नसेल तर असे ताणलेले चित्र केवळ मोठे होते, त्यात नवा तपशील येत नाही. मात्र अगदी नाकाशीही जाऊ नये. हातभर अंतरावरून काढलेल्या चित्रात नाक फुगते आणि कान मागे पळतात. दीडदोन मीटर अंतर ठीक. गडावर फोटो घेताना मात्र मागे न पाहता एकही पाऊल मागे सरकू नये. कड्याला कॅमेरा कळत नाही.

माणसाच्या मागे काय आहे, तेही पाहावे. आपले डोळे हवे तेवढेच पाहतात, कॅमेरा सगळे पाहतो. काकांच्या मागे विजेचा खांब असला तर तो त्यांच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, दोरीवर वाळणारे धोतर त्यांच्या खांद्यावर पंखासारखे बसते. एक पाऊल बाजूस सरकले की खांब नाहीसा होतो. लहान भावाचा फोटो उभ्याने काढला तर त्याचे डोके मोठे आणि पाय इवलेसे येतात. त्याच्यापुढे उकिडवे बसा, तुमचे भिंग त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, म्हणजे त्याचे जग त्याला दिसते तसे चित्रात येईल. समुद्राची रेषा कललेली नसावी, नाहीतर पाणी सांडेल अशी भीती वाटते. आणि परक्या माणसाचा फोटो त्याला विचारल्यावाचून घेऊ नये. बाजारातील भाजीवालीलाही ‘मावशी, काढू का?’ असे विचारावे. तिने नको म्हटले तर नको. दुःखात असलेल्या माणसापुढे तर कॅमेरा खिशातच बरा.

होमाई व्यारावाला यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १९१३ मध्ये नवसारी येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. दिल्लीत साडी नेसून, अवजड साहित्य बरोबर घेऊन, सायकलवरून त्या कामावर जात. स्वातंत्र्याच्या काळातील कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळातील रोलीफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात एका गुंडाळीवर बारा चित्रे निघत. बारा संपली की नवी गुंडाळी घालावी लागे, आणि तेवढ्यात समोरचा पाहुणा मोटारीत बसून निघून जाई. म्हणून त्या काळचे छायाचित्रकार बटण दाबण्याआधी फार वेळ पाहत असत. आपण मोबाइलवर एका मिनिटात चाळीस चित्रे काढतो आणि पाहत मात्र काहीच नाही. एखादा दिवस असा ठरवून पाहा, की आज बाराच चित्रे काढावयाची. तेरावे नाही. सकाळी सातला एक खर्च करताना हात कसा थबकतो, ते तुम्हांला कळेल.

धीराची याहूनही मोठी कसोटी दादासाहेब फाळके यांनी दिली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ मध्ये लोकांपुढे आला, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याआधी ते छायाचित्रणाचा व्यवसाय करीत आणि गोध्रा येथे त्यांनी काही काळ आपली चित्रशाळाही चालवली होती. १९१२ मध्ये नवा कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा रोखून रोज थोडी थोडी चित्रे घेतली. महिन्याहून अधिक काळ हा उद्योग चालला. ती चित्रे सलग दाखवताच अंकुर मातीतून डोके वर काढून भराभर वाढताना दिसला. हा प्रयोग तुम्हांलाही घरी करता येईल. वाटाण्याऐवजी मूग घ्यावेत, ते लवकर रुजतात. वाटी आणि मोबाइल यांच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात आणि रोज ठरावीक वेळी एकच चित्र घ्यावे. वाटी बोटभर जरी सरकली तरी रोप चित्रात उड्या मारू लागेल. तेव्हा धाकट्या भावंडांना आधीच सांगून ठेवावे.

काढलेली चित्रे सांभाळण्याचे कामही छायाचित्रकाराचेच आहे. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, बिघडतो, आणि त्यातील हजार चित्रे एका क्षणात शनिवारवाड्याच्या वाटेने जातात. म्हणून चित्रांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी; वर्षातून निवडक दहा-पंधरा तरी कागदावर छापून घ्यावीत. जुन्या घरांच्या ट्रंकेत लग्नमुंजीतले फोटो सापडतात. पगडी घातलेले, नऊवारी नेसलेले वीस लोक कॅमेऱ्याकडे टक लावून पाहत असतात. ‘उजवीकडून तिसरे कोण?’ असे विचारले, तर सांगणारे आता कोणी नसते. चेहरा अगदी स्पष्ट आहे, भुवईवरचा तीळसुद्धा दिसतो, पण नाव गेले. म्हणून छापून आणलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीमागे त्याच दिवशी स्थळ, तारीख आणि डावीकडून ओळीने सर्वांची नावे लिहावीत. ज्यांची नावे ठाऊक नाहीत ती आजीला विचारून घ्यावीत. तिला ती ठाऊक असतात. लिहिण्यास मऊ पेन्सिल घ्यावी. बॉलपेन दाबले की अक्षरांचे वळ पुढच्या बाजूस चेहऱ्यांवर उमटतात.

स्वाध्याय

१. कवडसे गोल का असतात? ग्रहणाच्या वेळी त्यांचा आकार का बदलतो?
२. दागेरच्या चित्रातील रस्ता ओस का दिसतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. पांढरा बैल व काळी म्हैस ही दोन्ही चित्रात करडी का दिसतात?
४. सेकंदाला ६ मीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाच्या साठाव्या भागात किती सेंटिमीटर सरकेल?
५. एकाच माणसाचे एकाच जागी सकाळी, दुपारी व सायंकाळी छायाचित्र घ्या आणि तिन्हींतील फरक आठ-दहा ओळींत लिहा.
६. घरातील एखादा जुना फोटो मिळवा. त्यातील माणसांची नावे वडीलधाऱ्या मंडळींना विचारून फोटोच्या पाठीमागे लिहा.